पोमोदोरी अल रीझो: तांदूळ भरलेले रोमन टोमॅटो न बिघडता कसे करावेत

तांदूळ मध्यभागी कच्चा राहणे, टोमॅटो खालून फाटणे आणि ट्रेमध्ये पाणीच पाणी होणे, अशा तीन तऱ्हांनी पोमोदोरी अल रीझो हा पदार्थ घरोघरी बिघडतो. रोम आणि भोवतालच्या लात्सियो प्रांतातल्या घरांत तो उन्हाळ्यात, टोमॅटो पिकून रसरशीत झाले की केला जातो. त्यात घटक मोजके आहेत आणि कौशल्याचे असे अवघड काम एकही नाही. तरीही तो बिघडतो, कारण बहुतेक जण त्याकडे 'भरलेली भाजी' म्हणून पाहतात आणि सारण आधी तयार करून मग ते भाजीत भरायचे असते, असे गृहीत धरतात.

इथे तसे नसते. टोमॅटोत भरताना तांदूळ कच्चाच असतो आणि शिजण्यासाठी त्याला टोमॅटोच्या रसाखेरीज दुसरे पाणी मिळत नाही. म्हणून टोमॅटोतून रस किती निघाला, त्यातला तांदळाला किती मिळाला आणि वाटेत किती वाया गेला, या हिशेबावर सगळा पदार्थ उभा असतो. खालचे टप्पे त्या हिशेबाच्या क्रमाने दिले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये आणि भिजवण्याचा वेळ वाचवू नये.

## सामान आणि वेळ

चार माणसांना पुरतील अशा ८ टोमॅटोंसाठी हे प्रमाण आहे:

- मोठे गोल टोमॅटो ८ (प्रत्येकी साधारण २०० ग्रॅम), रसासाठी आणखी २
- आर्बोरियो किंवा कार्नारोली तांदूळ २०० ग्रॅम
- बटाटे ७०० ग्रॅम (ट्रेमध्ये टोमॅटोंच्या मधल्या फटींत भाजण्यासाठी)
- एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ८ मोठे चमचे
- लसणाच्या २ पाकळ्या
- ताज्या बेसिलची १५ ते २० पाने, थोडी पार्सली
- वाळलेला ओरेगॅनो अर्धा लहान चमचा
- मीठ, ताजी कुटलेली मिरी

भांड्यांमध्ये एक लहान धारदार सुरी, एक लहान चमचा, मोठा वाडगा आणि टोमॅटो एकमेकांना लागून बसतील एवढ्याच आकाराचा, साधारण ५ सेंटीमीटर खोलीचा ट्रे लागतो. ट्रे फार मोठा असला तर रस तळाशी पसरून आटतो आणि बटाटे करपतात. इटालियन घरांत टोमॅटोचा गर गाळायला हाताने फिरवायची जाळीची गिरणी असते. मराठी घरातले पुरणयंत्र नेमके तेच काम करते, तेव्हा ते बारीक जाळी लावून काढून ठेवावे.

पोखरण्यापासून वाढण्यापर्यंत एकूण तीन ते चार तास धरावेत. त्यातले प्रत्यक्ष हाताचे काम पाऊण तासाचे असते.

## १. टोमॅटो निवडणे

टोमॅटो पूर्ण पिकलेला, पण दाबला असता बोट आत न जाणारा असावा. अर्धकच्च्या टोमॅटोत रस कमी असतो आणि आंबटपणा जास्त असतो, तर अति पिकलेल्याची भिंत तासाभराच्या भाजणीत टिकत नाही. आकार सारखा असणे फार महत्त्वाचे आहे. एक टोमॅटो १२० ग्रॅमचा आणि दुसरा २५० ग्रॅमचा असेल, तर एकातला तांदूळ शिजून गळून जाईपर्यंत दुसऱ्यातला कच्चाच राहतो.

रोमच्या बाजारात यासाठी मोठे, गोल, तळाशी सपाट आणि रसाळ टोमॅटो मिळतात. आपल्याकडे भाजीबाजारात जास्त दिसणारे लांबट टोमॅटो जाड सालीचे आणि कमी रसाचे असतात. ते उभे राहत नाहीत आणि त्यांच्यातून पुरेसा रसही निघत नाही. त्यामुळे गोल टोमॅटो हाताने निवडून घ्यावेत. वरच्या यादीतले दोन जास्तीचे टोमॅटो रस कमी पडला तर भर घालण्यासाठी आहेत.

तपासणी: टोमॅटो ओट्यावर ठेवून पाहावा. किंचित कलला तर चालेल, कारण नंतर बटाट्यांचा आधार मिळतो. तो नीट बसावा म्हणून त्याचा तळ कापून सपाट करू नये. तेवढ्या पातळ चकतीमुळेही तळ कमकुवत होतो आणि टोमॅटो नेमका तिथेच फाटतो.

## २. तांदूळ

आर्बोरियो आणि कार्नारोली हे दोन्ही इटालियन तांदूळ मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. शिजताना त्यांचा पिष्टमय भाग रसात उतरून रसाला दाटपणा आणतो आणि तरीही दाणा अखंड राहतो. या पदार्थाला दोन्ही गोष्टी हव्या असतात. बासमती वापरू नये, कारण त्याचे दाणे सुटे राहतात आणि टोमॅटो कापला की सारण ओघळून पडते. उकडा तांदूळही वापरू नये, कारण त्यातून रसाला दाटपणा येत नाही. इटालियन तांदूळ मिळालाच नाही, तर जुना आंबेमोहर त्यातल्या त्यात जवळचा आहे. मात्र तो लवकर मऊ पडतो, म्हणून त्याला भिजायला पंधरा मिनिटे पुरे होतात, रस थोडा कमी लागतो आणि भाजताना चाळिसाव्या मिनिटापासून दाणा तपासावा लागतो.

इशारा: तांदूळ धुऊ नये. आपला हात सवयीने नळाकडे जातो, पण दाण्यावरचे जे पीठ आपण एरवी धुऊन काढतो, तेच इथे रसाला बांधून ठेवते. तांदूळ निवडून घ्यावा आणि कोरडाच वापरावा.

## ३. टोप्या कापणे आणि टोमॅटो पोखरणे

टोमॅटो धुऊन पूर्ण कोरडे करावेत. देठाच्या बाजूने सुमारे एक सेंटीमीटर जाडीची चकती आडवी कापावी. ही चकती म्हणजे टोमॅटोची टोपी. ती टाकायची नाही आणि तिचा देठही काढायचा नाही. प्रत्येक टोपी आपापल्या टोमॅटोशेजारीच ठेवावी, कारण दुसऱ्याची टोपी कधी नीट बसत नाही आणि फटीतून वाफ निघून गेली की वरचे दाणे कडक होतात.

आता खाली वाडगा धरूनच पोखरायला घ्यावे, म्हणजे एकही थेंब ओट्यावर जाणार नाही. सुरीचे टोक भिंतीपासून अर्धा सेंटीमीटर आत धरून गोलाकार फिरवावे आणि टोमॅटोच्या दोन तृतीयांश खोलीपेक्षा खाली नेऊ नये. त्यानंतर सुरी ठेवून द्यावी आणि लहान चमचा हाती घ्यावा. चमच्याची कड मधल्या पांढरट गाभ्याखाली सरकवून तो हलक्या हाताने उचलला, की आतले पडदे आणि बियांसह सगळा गर बाहेर येतो. भिंतीला चिकटलेले पडद्यांचे उरलेले भाग खरवडून काढावेत, पण तळाला हात लावू नये. तळाशी अर्ध्या ते पाऊण सेंटीमीटरचा थर राहिलाच पाहिजे. सगळ्यात जास्त टोमॅटो इथेच वाया जातात, कारण शेवटचा थोडा गर काढण्याच्या नादात चमचा आरपार जातो.

पोखरलेल्या टोमॅटोच्या आत चिमूटभर मीठ बोटाने फिरवून लावावे आणि ते ताटलीवर पालथे घालून वीस ते तीस मिनिटे ठेवावेत. मिठामुळे भिंतीतले जास्तीचे पाणी सुटते आणि तेच पाणी पुढे ट्रेमध्ये सुटून पदार्थ पचपचीत होण्याचे टळते. ताटलीत साठलेले पाणी फेकू नये. ते बटाट्यांसाठी वेगळे ठेवावे आणि ते खारट आहे हे लक्षात ठेवावे.

एखादा टोमॅटो फाटलाच तर: भोक लहान असेल तर गाभ्याचा एक घट्ट तुकडा आतून त्यावर बसवावा आणि तो टोमॅटो ट्रेच्या कोपऱ्यात दोन बाजूंनी आधार देऊन ठेवावा. भोक मोठे असेल तर तो टोमॅटो रसात घालावा आणि जास्तीच्या दोनांपैकी एक पोखरायला घ्यावा.

## ४. रस गाळणे आणि त्याची चव ठरवणे

वाडग्यातला सगळा गर आणि रस पुरणयंत्रातून फिरवून काढावा. गाभ्याचा पांढरा कडक भाग आधी काढून टाकावा. मिक्सर शक्यतो टाळावा, कारण त्यात बिया दळल्या जाऊन रसाला कडवट चव येते आणि हवा मिसळल्याने रस फेसाळ, फिकट गुलाबी होतो. पुरणयंत्र नसेल तर गर मोठ्या चाळणीवर ओतून वाटीच्या बुडाने दाबून गाळावा.

आता रस मोजावा. अंदाजाने चालण्यासारखी ही पायरी नाही. आठ टोमॅटोंमधून साधारण ६०० मिलिलिटर रस निघायला हवा. कमी निघाला तर जास्तीचे टोमॅटो किसून त्यांचा रस त्यात गाळावा. पाकिटातली प्युरी घालून मात्र भर करू नये. ती आटवलेली असल्यामुळे तिच्यात तांदळाला लागणारे पाणी पुरेसे नसते. दाण्यांवर तिचा लेप बसतो आणि दाणे आतून कोरडेच राहतात.

मोजलेल्या रसातला ४५० मिलिलिटर रस वाडग्यात घ्यावा आणि उरलेला बाजूला ठेवावा. वाडग्यातल्या रसात चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अगदी बारीक चिरलेला लसूण, हाताने तोडलेली बेसिलची पाने, चिरलेली पार्सली, ओरेगॅनो, मिरी आणि सुमारे सव्वा लहान चमचा मीठ घालावे. रोममधल्या काही घरांत पुदिन्यासारख्या वासाची एक रानटी वनस्पती या रसात घालतात. ती चव हवी असेल तर साध्या पुदिन्याची चार-पाच पाने पुरतात. बेसिलच्या जागी देवघरासमोरची तुळस घालू नये, तिचा लवंगेच्या अंगाने जाणारा उग्र वास टोमॅटोला झाकून टाकतो. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर पदार्थाची चव पूर्ण बदलते. पार्सली नसेल तर ती सरळ वगळावी.

तपासणी: रस चमच्याने चाखावा. तो नुसता पिण्यासाठी किंचित खारट वाटला पाहिजे. तांदूळ शिजताना मीठ शोषतो आणि एकदा टोपी लावून भाजल्यावर आतले मीठ सुधारता येत नाही. रस फारच आंबट असेल तर चिमूटभर साखर घालावी.

## ५. तांदूळ भिजवणे

तयार रसात कोरडा तांदूळ घालून ढवळावा आणि झाकून पाऊण तास ते एक तास ठेवावा. मधे एक-दोनदा ढवळावे.

ही पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो आणि कच्च्या तांदळाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. टोमॅटोच्या आत उष्णता फार सावकाश पोहोचते. पातेल्यातल्यासारखी खळखळून उकळी तिथे येत नाही आणि मधला भाग बराच वेळ नुसता कोमट असतो. दाणा आधीच रस पिऊन बसलेला असेल तर या मंद उष्णतेतही तो आतपर्यंत शिजतो. कोरडा घातलेला दाणा बाहेरून फुगतो आणि आत खडूसारखा राहतो.

भिजल्यावर दाणा पारदर्शक कडा सोडून दुधाळ दिसू लागतो आणि नखाने दाबला तर कट्कन न मोडता भुगा होतो. तसे झाले की पुढे जावे.

इशारा: वेळ वाचवण्यासाठी तांदूळ आधी अर्धवट शिजवून घेऊ नये. तासाभराच्या भाजणीत त्याची लापशी होते आणि टोमॅटोचा रस दाण्यात मुरण्याऐवजी बाहेरच राहतो.

## ६. बटाटे

तांदूळ भिजत असताना बटाटे सोलून बोटाएवढ्या जाड फोडी कराव्यात, त्याहून जाड नकोत. बटाटा आंबट रसात मऊ व्हायला जास्त वेळ घेतो, म्हणून फोडींना आधी दोन मोठे चमचे तेल, मीठ आणि ओरेगॅनो चोळावे आणि सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या रसातले दोन-तीन चमचेच घालावेत. सगळा रस आधीच ओतला, तर टोमॅटो तयार झाले तरी बटाटे दाताखाली करकरतात.

## ७. भरणे आणि ट्रे रचणे

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापायला ठेवावा. ट्रेला तेलाचा हात फिरवून पालथे ठेवलेले टोमॅटो सरळ करून त्यात बसवावेत. आधी टोमॅटो बसवायचे आणि मग भरायचे, कारण भरलेला टोमॅटो उचलून हलवताना तळ सुटण्याचा धोका असतो.

वाडग्यात तांदूळ तळाशी बसलेला असतो. वरवरून चमचे भरत गेले तर पहिल्या टोमॅटोंना नुसता रस आणि शेवटच्यांना नुसता तांदूळ मिळतो. एकाच ट्रेमधले दोन टोमॅटो पातळ आणि दोन कच्चे निघतात, ते यामुळेच. तेव्हा झाऱ्याने किंवा जाळीच्या चमच्याने आधी फक्त दाणे सगळ्या टोमॅटोंत सारखे वाटावेत, प्रत्येकात निम्म्या उंचीपर्यंत. मग वाडग्यातला रस पळीने सगळ्यांत सारखा ओतावा. रस दाण्यांच्या वर साधारण एक सेंटीमीटर यावा आणि काठापासून एक बोट खाली राहावा.

तपासणी: प्रत्येक टोमॅटोकडे वरून पाहावे. रसाच्या वर दाणे डोकावत असतील तर थोडे दाणे काढून टाकावेत किंवा बाजूच्या रसातून भर घालावी. टोमॅटो अर्धाच भरलेला पाहून हात थांबत नाही, पण तांदूळ फुगून ती सगळी जागा घेणार असतो. तांदूळ काठोकाठ भरला तर त्याला फुगायला जागा आणि शिजायला रस, दोन्ही मिळत नाहीत.

टोप्या आपापल्या जागी ठेवून हलकेच दाबाव्यात. टोमॅटोंच्या मधल्या सगळ्या फटींत बटाट्याच्या फोडी खोचाव्यात, म्हणजे कललेले टोमॅटो सरळ होतात. उरलेले दोन चमचे तेल टोप्यांवर सोडावे. तेल न लावलेली टोपी चामड्यासारखी होते.

## ८. भाजणे

ट्रे ओव्हनच्या मधल्या जाळीपेक्षा एक घर खाली ठेवावा आणि वरची-खालची दोन्ही उष्णता सुरू ठेवावी. पंखा शक्य असेल तर बंद ठेवावा, कारण फिरत्या कोरड्या हवेने वरचा रस लवकर आटतो. पंखा बंद होत नसेल, जसे मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनमध्ये असते, तर तापमान १६५ ते १७० अंशांवर आणावे.

घरगुती ओटीजीत वरची सळई टोप्यांच्या अगदी जवळ येते. अशा वेळी पहिली चाळीस मिनिटे ट्रेवर अॅल्युमिनियमचा कागद सैल झाकावा आणि मग तो काढावा. मोठ्या ओव्हनमध्ये याची गरज नसते.

अर्ध्या तासाने बटाटे हलक्या हाताने उलटावेत आणि बाजूचा उरलेला रस व टोमॅटोंचे खारट पाणी फोडींवर घालावे. ट्रेचा तळ कोरडा पडू लागला तर दोन-तीन चमचे गरम पाणी बटाट्यांत सोडावे. थंड पाणी घालू नये.

एकूण ६० ते ७५ मिनिटे लागतात. बाहेरून टोमॅटोची साल सुरकुतलेली, काठ तपकिरी आणि बटाट्यांच्या कडा खरपूस दिसल्या, तरी त्यावर विसंबू नये. पन्नासाव्या मिनिटापासून दाणा चाखायला लागावे. सर्वांत मोठ्या टोमॅटोची टोपी उचलावी आणि वरचे नव्हे, मधल्या भागातले दोन-चार दाणे काढावेत. दाताखाली किंचित कणी लागली पण पांढरा ठिपका दिसला नाही, तर ओव्हन बंद करण्याची ती वेळ आहे. कोरडा पांढरा ठिपका दिसला तर अजून दहा मिनिटे द्यावीत.

दाणा कच्चा आणि रस संपलेला असेल तर: बाजूचा रस गरम करून, तो उरला नसेल तर गरम पाणी, प्रत्येक टोमॅटोत एक ते दीड चमचा घालावे, टोपी लावावी आणि ट्रे कागदाने घट्ट झाकून पंधरा मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावा.

दाणा शिजलेला आणि वर रस तरंगत असेल तर: टोप्या काढून ट्रे दहा मिनिटे उघडाच भाजावा. थोडा पातळपणा राहिला तर काळजी करू नये, तो पुढच्या टप्प्यात मुरतो.

## ९. मुरू देणे आणि वाढणे

ओव्हनमधून काढल्याबरोबर टोमॅटो वाढू नयेत. गरम टोमॅटो उचलला की मोडतो आणि सारण पातळ वाटते. ट्रे तसाच चाळीस मिनिटे ते एक तास ठेवावा. या वेळात तांदूळ उरलेला रस ओढून घेतो, सारण घट्ट होते आणि भिंतही सावरते. रोममध्ये हा पदार्थ कोमट किंवा गारच खातात. तिथल्या तयार जेवणाच्या दुकानांतही उन्हाळ्यात तो मोठ्या ट्रेमध्ये तसाच मांडलेला असतो. माझ्या मते मुरण्याचा हा तास भिजवण्याच्या तासाइतकाच आवश्यक आहे.

टोमॅटो चमच्याने न उचलता खालून रुंद उलथने घालून उचलावा, शेजारी बटाटे वाढावेत आणि ट्रेच्या तळाशी साठलेले लाल तेल त्यावर सोडावे. वरून चीज किसू नये. काही जण सारणात मोझरेला घालतात, पण ते पाणी सोडते आणि वर मांडलेला रसाचा सगळा हिशेब बिघडवते.

## उरलेले टोमॅटो

कोमट खाण्याचा पदार्थ असला तरी शिजलेला तांदूळ बाहेर फार वेळ ठेवणे सुरक्षित नाही. तांदळात असणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातही टिकतात आणि उबदार हवेत वाढून विषबाधा करू शकतात. ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत, मे महिन्याच्या उकाड्यात तर तासाभरातच, उरलेले टोमॅटो झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी संपवावेत. पुन्हा गरम करताना ट्रेमध्ये दोन चमचे पाणी घालून, कागदाने घट्ट झाकून, १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावेत आणि मधला भाग वाफाळेपर्यंत तापला आहे हे टोपी उचलून पाहावे. मग खाण्याइतके निवेपर्यंत थांबावे. बटाटे वेगळे काढून तव्यावर परतले तर त्यांचा खरपूसपणा परत येतो.